मध्यंतरानंतरची फीत

४ जानेवारी

धाकटे साडूभाऊ,

आधी खाली बसा, मग पुढची ओळ वाचा. काल कप समितीने चिठ्ठ्या काढल्या आणि उपांत्य फेरीत तुमचा रंगाऱ्यांचा क्लब आणि आमचा छापखान्याचा क्लब समोरासमोर आले. त्या चिठ्ठ्या मीच छापलेल्या, त्यामुळे इथे जो तो माझ्याकडे संशयाने बघतोय. तुमच्या मेहुणीला सांगितलं तर ती म्हणाली, आता दोघी बहिणींपैकी एकीच्या घरी आठवडाभर तोंड फुगलेलं राहणार, आणि मला दोन्ही घरांची काळजी.

कपाचं हे पहिलंच वर्ष. अकरा क्लब आणि प्रत्येकाचे नियम वेगळे. कुणाला चेंडू हाताने झेललेला चालतो, कुणी पंधरा माणसं उतरवतं, एका क्लबने तर मधलं झाडसुद्धा मैदानात धरलंय. तुमच्याकडे गोल म्हणजे दोन खांब आणि मधून आभाळापर्यंत सगळं मोकळं. आमच्याकडे खांबांना आठ फुटांवर फीत बांधतात. चेंडू फितीच्या खालून गेला तर गोल, वरून गेला तर नाही. समितीने तोड काढली आहे की मध्यंतरापर्यंत तुमच्या नियमाने, फितीशिवाय खेळायचं, आणि मध्यंतरानंतर आमच्या नियमाने, फीत बांधून.

आमच्या बाजूचा पंच मीच आहे. चकित होऊ नका, कपाच्या नियमांचं सगळं पुस्तक मी स्वतः अक्षरांचा खिळा खिळा जुळवून छापलंय, तेव्हा माझ्याइतकं ते कुणाला पाठ असणार? प्रत्येक बाजूचा एक पंच, एकेका अर्ध्या मैदानावर. आणि मुख्य गोष्ट, जी तुमच्या लोकांना नीट समजावा: पंच आपणहून काही बोलत नाही. खेळाडूने "पंच, कसं?" असं विचारलं तरच तो निर्णय देतो. कुणी विचारलं नाही तर झालं ते झालं.

सामना एकोणीस तारखेला, शनिवारी, आमच्या मैदानावर. धाकटीला आशीर्वाद.

तुमचा थोरला साडू


९ जानेवारी

थोरले साडूभाऊ,

नमनालाच घडाभर तेल ओतायची तुमची सवय काही जात नाही. सामना शनिवारी आहे एवढंच लिहायचं होतं. मला पांढऱ्यावर काळं करायचा कंटाळा, माझे हात निळ्यातच बरे.

पण आमच्याकडे पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. आमचे वस्ताद, म्हणजे रंगाच्या हौदांवरचे मुकादम आणि क्लबाचे अध्यक्ष, फितीचं ऐकून हसले. म्हणाले, चेंडू मारायचा की कपडे वाळत घालायचे? तरी मान्य केलं. पंच म्हणून आमच्याकडून तेच येणार आहेत.

तीन वर्षांपूर्वी कपडा वाळवायच्या पटांगणात आम्ही नऊ जणांनी हा क्लब काढला, तेव्हा गोलमध्ये उभं राहायला कुणी तयार नव्हतं. मी राहिलो. तेव्हापासून तिथेच आहे. आजवर मला चुकवून गेलेले गोल मी बोटांवर मोजून दाखवीन, आणि एकोणीस तारखेनंतर एक बोट जास्त लागणार नाही.

सोबत एक पुडकं आहे. तुमच्या नियमाचा मान म्हणून दोन खांबजोड्यांच्या दोन फिती मी स्वतः रंगवल्यात. मुद्दाम पिवळ्या, म्हणजे धुक्यातही दिसतील. रंग जायचा नाही. गेला तर माझं नाव बदला. पुडक्याला पांढरा दोरा आहे, त्याची गाठ माझी. आमच्यात प्रत्येक रंगारी आपल्या ताग्याला आपली गाठ मारतो, दुसऱ्याला ती जमत नाही. सोडायला नखं लागतील.

ताईंना नमस्कार.

धाकटा


१३ जानेवारी

धाकटे साडूभाऊ,

पुडकं मिळालं. दोरा सोडलेला नाही, मध्यंतरालाच सोडीन. फीत मी माझ्या हाताने बांधणार, दोन्हीकडे, फूटपट्टी लावून. मध्यंतरानंतर मी नेमका तुमच्याच खांबाशी उभा असेन. तेव्हा नात्याची ओळख विसरा. पंचाला साडू नसतो.

थोरला


२२ जानेवारी

थोरले साडूभाऊ,

घरी पोचलो. तुम्ही जिंकलात, अभिनंदन. एक गोल, तोही संपायला दहा मिनिटं असताना.

येताना गाडीत चिखलाचे बूट पायात तसेच, आणि सगळे खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं हरल्याचं दुःख आहे. सोमवारी कारखान्यात गेलो तेव्हा कळलं. आमच्या हौदावर आम्ही तिघे असतो. मी आल्यावर दोघे पलीकडच्या हौदावर गेले. दुपारी कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "साडूला सोडला." मी वळलो तर सगळे आपापल्या कपड्यात डोकं घालून.

म्हणजे मी मुद्दाम सोडला असं त्यांचं म्हणणं. तुमच्यासाठी.

तो चेंडू मी परत परत आठवतोय. तुमच्या त्या लंबूने लांबून मारला. मी उडी मारली, चेंडू माझ्या बोटांच्या वरून गेला आणि मी तोंडावर पडलो. डोळ्यांत चिखल. उठलो तेव्हा तुमची माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली होती. चेंडू किती वरून गेला ते मी कसं सांगू? पण तुम्ही खांबाला लागून उभे होतात. तुम्ही पाहिलंत.

साडूभाऊ, सरळ विचारतो. चेंडू फितीच्या वरून गेला की खालून?

धाकटा


२६ जानेवारी

धाकटे साडूभाऊ,

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? चार दिवस जाऊ द्या, विसरतील.

तुम्ही विचारलंत त्याबद्दल. पंचाला जे विचारायचं ते मैदानावर. तुमच्यापैकी कुणीही "पंच, कसं?" म्हटलं नाही. तुम्हीही नाही. आता मी पत्रातून निर्णय द्यायला लागलो तर उद्या प्रत्येक हरलेला माणूस पोस्टात रांग लावील. लेखी आक्षेप घ्यायचा असेल तर एकवीस दिवसांची मुदत आहे, म्हणजे नऊ फेब्रुवारीपर्यंत. आणि पुस्तकातलं चौदावं कलमही बघा: जे खेळाडूला खेळताना दिसलं आणि त्याने विचारलं नाही, त्यावर मागाहून आक्षेप चालत नाही.

इकडे अंतिम सामन्याची गडबड आहे. सोळा फेब्रुवारी. कप मालकांच्या टेबलावर आणून ठेवलाय, जो येतो तो त्याला बोट लावून जातो. माझं मात्र कामात लक्ष नाही. गुरुवारी जुळवलेलं अख्खं पान हातातून निसटून जमिनीवर सांडलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. खिळे वेचायला दोन दिवस गेले.

तुमची मेहुणी सामन्याच्या दिवशीचा कोट धुवायला मागतेय. मी म्हटलं, राहू दे, वाळल्यावर चिखल आपोआप झडतो. त्यावरून रोज कुरबूर. धाकटीला सांगा, मनाला लावून घेऊ नको.

थोरला


३० जानेवारी

साडूभाऊ,

मी एक ओळ मागितली होती, तुम्ही कलमं पाठवलीत. ताकास तूर लागू द्यायची नाही हे कुठल्या कलमात आहे?

चार दिवस जाऊ द्या म्हणता. इथे चार दिवसांत काय झालं ते ऐका. शेडमध्ये आमच्या प्रत्येकाची खुंटी आहे. माझ्या खुंटीवर माझी जर्सी असायची. परवा ती घडी करून खाली बाकावर ठेवलेली, आणि खुंटीवर दुसऱ्याची. शुक्रवारी, आठ तारखेला, क्लबाची बैठक आहे. माझं नाव कायमचं काढून टाकायचा ठराव आहे. मी काढलेल्या क्लबातून, साडूभाऊ. हरलो म्हणून काढलं असतं तर मी स्वतः हात वर केला असता. पण विकला गेलो म्हणून? हे नाव घेऊन मी या गल्लीत कसा राहू? दुकानदारसुद्धा मला सुटे पैसे देताना हसतो.

माझी बायको, तुमची धाकटी, गेले आठ दिवस विहिरीसारखी गप्प आहे. काल एवढंच म्हणाली, "भाऊजी खोटं बोलणार नाहीत. पण खरं बोलतील का, ते विचारा."

म्हणून विचारतो. मैदानावर विचारलं नाही, ती माझी चूक. आता विचारतोय. पंच, कसं?

धाकटा


५ फेब्रुवारी

धाकटे साडूभाऊ,

वरून गेला. चांगला हातभर वरून.

हे लिहायला मला सतरा दिवस लागले. पण एवढ्याने भागणार नाही, सगळंच सांगतो. फीत तिथे नव्हतीच.

मध्यंतर झालं तेव्हा पाऊस सुरू झाला होता. पुडकं माझ्या कोटाच्या आतल्या खिशात. मी खांबाकडे निघालो आणि वाटेत आमच्या वार्ताफलकासाठी सामन्याचा मजकूर मनात जुळवायला लागलो. खोड आहे माझी, डोळ्यांसमोर घडलं की हात खिळ्यांच्या पेटीकडे जातो. कुठली अक्षरं मोठी, कुठली लहान, या विचारात मी खांबाशी जाऊन उभा राहिलो आणि शिट्टी वाजली. नियम सगळ्या जगाला शिकवले आणि फीत बांधायची राहिली. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

लंबूने चेंडू मारला आणि तो तुमच्या बोटांवरून गेला तेव्हा मी वर पाहिलं. वर नुसतं आभाळ. माझा हात आपोआप कोटावर गेला, आणि पुडकं हाताला लागलं. त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. पण नियम आठवला. पंच आपणहून बोलत नाही. मी स्वतः छापलेला नियम, आणि तो इतका सोयीचा पडेल असं छापताना वाटलं नव्हतं. तुम्ही उठलात, डोळे पुसलेत आणि माझ्याकडे पाहिलंत. मी वहीत बघत राहिलो. तुम्ही विचारलं नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तेव्हापासून झोप नाही.

परवा मी छापखान्यात असताना तुमच्या मेहुणीने शेवटी कोट भिजत घातला. खिसे आधी रिकामे केले. मी घरी आलो तर पुडकं टेबलावर. तिने फक्त विचारलं, "हे इथे कसं?" तिला तुमची गाठ ओळखू येते. मी तिच्यासमोर खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला सांगून काय उपयोग, ज्याला सांगायचं त्याला सांगा.

काल आमच्या कप्तानाला सांगितलं. त्याला फीत नसल्याचं तेव्हाच दिसलं होतं. म्हणाला, पंचाने आम्हाला विचारलं नाही, आम्ही पंचाला विचारलं नाही, तुम्ही आता पत्रबित्र लिहू नका, अकरा माणसांच्या तोंडचा घास काढू नका. मी लिहितोय.

पुडकं सोबत आहे. दोरा सोडलेला नाही, गाठ तुमचीच आहे, तुमचे लोक बघताच ओळखतील. बैठकीच्या आधी मिळेल. आक्षेपाला नऊ तारखेपर्यंत वेळ आहे. या पत्राचं आणि पुडक्याचं तुम्हाला जे करायचं ते करा. माझ्या नावाचं काय होईल त्याचा विचार करू नका. तुमच्या नावाचा मी केला नव्हता.

तुमचा साडू


१० फेब्रुवारी

थोरले साडूभाऊ,

पुडकं गुरुवारी मिळालं. बायकोने तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मग बऱ्याच दिवसांनी माझ्याशी भांडली. घरात आवाज आला, बरं वाटलं.

शुक्रवारी काम सुटल्यावर शेडमध्ये सगळे जमले. मी ठरावाआधीच पुडकं टेबलावर ठेवलं आणि तुमचं पत्र वाचून दाखवलं. वस्तादांनी पुडकं उचललं, दोरा बोटाने चाचपला, गाठ उलटसुलट करून पाहिली आणि सगळ्यांना फिरवायला दिली. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? सतरा रंगाऱ्यांनी ती गाठ पाहिली आणि एकालाही शंका आली नाही. माझ्या हौदावरचे दोघे उठले आणि माझ्या शेजारी येऊन बसले. कुणीतरी माझी जर्सी खुंटीवर परत टांगली. वस्ताद म्हणाले, "चुकलो आम्ही." त्यांच्या तोंडून हे शब्द मी जन्मात ऐकले नव्हते. साडूभाऊ, मला तिथेच रडू आलं.

मग म्हणाले, मीही पलीकडच्या खांबाशी उभा होतो, मला कसं दिसलं नाही? सगळे हसले. आमच्या मैदानावर फीत कधी नसतेच, वर बघायची सवय कुणाला?

लगेच आक्षेपाचा कागद लिहायला घेतला. सामना परत खेळवा, अशी मागणी. आमच्या कारकुनाने सुंदर अक्षरात लिहिलं आणि शेवटी चौदाव्या कलमासाठी एक वाक्य घातलं: "फीत बांधलेली नाही ही गोष्ट आमच्या गोलकीपरास खेळताना ठाऊक नव्हती." खाली माझी सही. दौत पुढे सरकवली, टाक हातात दिला.

साडूभाऊ, मी टाक बुडवला आणि ते वाक्य परत वाचलं.

तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच गप्प बसलात. मध्यंतरानंतर मी गोलमध्ये गेलो तेव्हा मी पहिली गोष्ट काय केली असेल? वर पाहिलं. दुसरं कुणी पाहणार नाही, पण फीत मी रंगवली होती. माझा पिवळा पावसात कसा दिसतो ते मला बघायचं होतं. दिसलं काय, आभाळ. आणि मी तुम्हाला हाक मारणारच होतो. तेवढ्यात मनात आलं, आपला तिरप्या पायाचा गडी नेहमी उंच मारतो, फीत नसली तर त्याचा एखादा जाईल. आपल्या घरच्या मैदानासारखंच झालं, बोलायचं कशाला? मी मूग गिळून उभा राहिलो. मग उंच चेंडू आला तो माझ्याच डोक्यावरून. तेव्हा विचारलं असतं तर वस्तादांनी म्हटलं असतं, मग इतका वेळ काय करत होतास?

म्हणून मी पत्रांतून तुम्हाला टोचत राहिलो. फितीच्या वरून की खालून, असं विचारलं. फीत नाही हे ठाऊक असून विचारलं. मला वाटलं, तुम्ही कबूल व्हाल आणि माझं मला सांगावं लागणार नाही. डोळ्यांत चिखल गेला तो पडल्यावर गेला. त्याआधी मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

सही केली असती तर कुणाला कळलं नसतं. तुम्हालासुद्धा नाही. पण तुमचं पत्र समोर पडलं होतं, सतरा दिवस उशिराचं का असेना. मी टाक खाली ठेवला आणि म्हणालो, "फीत नाही हे मला दिसलं होतं."

वस्तादांना आधी कळलंच नाही. मी परत सांगितलं, कारणासकट. तिरप्या पायाचा गडी तिथेच होता, तो जमिनीकडे बघायला लागला. कारकुनाने कागद फाडला नाही, घडी करून खिशात घातला. आक्षेप गेला नाही. चौदावं कलम. तुम्ही छान जुळवलंय.

माझं नाव काढलं. कायमचं नाही, दोन वर्षांसाठी. हात वर करणाऱ्यांत माझ्या हौदावरचे दोघेही होते, आणि त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला, पाठीमागून नाही. जर्सी मी स्वतः खुंटीवरून काढली. लोक चिडलेत. अंतिम फेरीची वाट त्यांच्या हातात आली होती आणि मी ती सोडली, हे खरं आहे. काल गल्लीत दोघांनी मला त्यावरून शिव्या घातल्या. "साडूला सोडला" मात्र कुणी म्हणालं नाही. आता जे म्हणतात ते मी केलेलं आहे.

बायको म्हणते, दोघे साडू एका माळेचे मणी. ताईंना सांगा, ती हसून म्हणाली.

तुमच्या लोकांना तुम्ही कप घेऊ द्या की नका देऊ, ते तुमचं तुम्ही बघा. मी त्यात पडत नाही. पुडकं या पत्रासोबत परत पाठवतोय. दोरा तसाच आहे. सोळा तारखेला मध्यंतराची वाट बघू नका, सामना सुरू व्हायच्या आधी बांधा, आणि गाठ सुटली नाही तर दाताने तोडा, मला राग येणार नाही.

मी येतोय. तिकीट काढलं. आता खेळाडू नाही, पंच नाही, कुणाचाच नाही, तेव्हा खांबामागे लोकांत उभा राहीन. आल्या आल्या वर बघेन. पिवळं दिसलं नाही तर साडूभाऊ, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारीन.

धाकटा